सागाच्या पानांची कमान

डहीच्या बसथांब्यावर त्या दुपारी एकच जीप उभी होती आणि तिला टेकून एकच माणूस उभा होता. त्यामुळे विद्युल्लतानं जे केलं ते दुसऱ्या कुणीही केलं असतं, अशी ती पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत राहिली. तिनं आपली बॅग त्याच्या हातात दिली, "भिया, आमलीखोदरा चलना है," म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता मागच्या सीटवर जाऊन बसली. त्यानं एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं जीप सुरू केली.

माघ महिना होता. पहाटे देवासहून निघालेली विद्युल्लता तीन बस बदलून पार आंबून गेली होती. तेवढ्यात आईचा फोन आला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. माळव्यातल्या मराठी घरांत ही एक सवयच असते. दुकानात, रिक्षात, चारचौघांत आपसात बोलायचं ते मराठीत, म्हणजे कुणाला कळत नाही. विद्युल्लताला तर ही सवय अंमळ जास्तच होती.

"हो आई, चिऊच बोलतेय. पोचले बरं. आता त्या मोहित्यांना भेटायचंय... अगं तेच, धारचे, फील्डवाले. काय रिपोर्ट लिहितात गं, पटवारीचा पंचनामा वाचतोय असं वाटतं. एक वाक्य धड नाही. साठीचे असणार. कानात केस वगैरे असलेले."

अकरा किलोमीटर ती बोलत होती. मोहित्यांचं अक्षर, मोहित्यांचा अरसिकपणा, मोहित्यांमुळे तिचं अडलेलं काम, काहीच सुटलं नाही. जीप थांबली तेव्हा त्या माणसानं उतरून दार उघडलं, बॅग तिच्या हातात दिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "आलं आमलीखोदरा. मी राजवीर मोहिते. कानातले केस बघायचे असतील तर जरा उजेडात या."

तो असेल अठ्ठावीस-एकोणतीसचा. कानात केस नव्हते. विद्युल्लताला धरणी दुभंगावी असं वाटलं, पण डहीकडची धरणी खडकाळ आहे, ती अशी सहज दुभंगत नाही. तिला त्याच्याच मागोमाग टेकडी चढावी लागली, लाल चेहऱ्यानं, आणि तो मात्र पुढे चालता चालता गालातल्या गालात हसत होता.

काम असं होतं. देवासच्या एका संस्थेत विद्युल्लता पुराणिक प्रस्ताव लिहायची. आमलीखोदरा आणि आसपासची नऊ गावं, त्यांचं साग-मोहाचं रान, हे सगळं मिळून बायोस्फिअर रिझर्व्ह व्हावं, देशोदेशींच्या अशा रानांच्या यादीत त्याचं नाव जावं, म्हणून ही खटपट. त्या यादीची खुबी अशी की तिथे रान राखायचं म्हणून माणसांना हाकलत नाहीत. उलट माणसं रानात नांदतात कशी, रान न संपवता जगतात कशी, हेच विचारतात. आणि एका देशातले लोक दुसऱ्या देशातलं रान बघायला जातात, आपलं सांगतात, त्यांचं ऐकतात. गावांनी आपणहून अंगठे दिल्याशिवाय मात्र कागद पुढे सरकत नाही. ते अंगठे मिळवणं राजवीरचं काम. तीन वर्षं तो या गावांत राहत होता, जेवत होता, त्यांच्या लग्नांत नाचत होता.

महिन्यातून दोनदा विद्युल्लता येऊ लागली. एकदाच पुरलं असतं.

"या वेळी काय विसरलात?" राजवीर विचारायचा.

"नकाशा तपासायचा होता."

"नकाशा तर मेलवर होता."

"मेलवर तो... नीट दिसत नाही."

"हां. इथे नीट दिसतो," असं म्हणून तो जीपच्या आरशातून तिच्याकडे बघायचा, आणि ती घाईघाईनं खिडकीबाहेरचा पळस बघायला लागायची. चैत्रात त्यानं तिला मोहाची फुलं वेचायला शिकवलं, आणि ती वेचताना दोघांची बोटं एकाच फुलावर पडली तर कुणीच लवकर हात काढून घेतला नाही. जेठात तिनं त्याचे रिपोर्ट पुन्हा वाचायला काढले. ते पंचनाम्यासारखे होते खरे, पण माणूस समजला की त्याची कोरडी वाक्यंही बोलकी होतात. त्यातलं एक टिपण तिनं तीनदा वाचलं.

ते आमलीखोदऱ्याच्या नेमाबद्दल होतं. पाऊस पडला की सागाला नवी पानं फुटतात, बघता बघता सुपाएवढी होतात. घरावर घालायला, पत्रावळीला, पावसात डोक्यावर धरायला गावाला तीच लागतात. पण आषाढी अवसेला नवाई असते. त्या दिवशी पहिलं पान शिवेवरच्या देवाच्या दगडांना वाहतात. तोवर गावातलं कुणी सागाचं नवं पान तोडत नाही, कशालाही. राजवीरनं लिहिलं होतं: 'सीताबाई, वय अंदाजे सत्तर, पटेलांची (गावच्या पाटलांची) थोरली बहीण. छप्पर गळत होतं. सात भांडी मांडली होती. बाहेर हाताला लागेल असा साग. पान तोडलं नाही. विचारलं, तर म्हणाली, झाड अजून लेकुरवाळं आहे.'

विद्युल्लतानं प्रस्तावाचं चौथं प्रकरण या सात भांड्यांवर उभं केलं. ते इतकं छान उतरलं की तिनं ते फोनवर राजवीरला वाचून दाखवलं.

"कसं वाटलं?" तिनं विचारलं.

"सीताबाईला वाचून दाखवायला पाहिजे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चांगलं लिहिता हो तुम्ही... म्हणजे, मला ऐकत बसावंसं वाटलं."

त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण चौथं प्रकरण नव्हतं.

पाहुणे आषाढात यायचे ठरले. इथिओपियातल्या कॉफीच्या रानातून अल्माझ नावाच्या बाई येणार होत्या. त्यांचं रान आधीच यादीत होतं आणि आमलीखोदऱ्याच्या रानाची त्यांच्या रानाशी जोडी जमवायचं चाललं होतं. राजवीर त्यांना आणायला इंदूरला गेला. देवासहून संस्थेचे मुख्य, बळवंतराव, यांचा फोन आला की गावाच्या तोंडाशी, शिवेवर, स्वागताची कमान पाहिजे, झकास, फोटो चांगला आला पाहिजे. विद्युल्लतानं डहीचा मंडपवाला बोलावला. तो म्हणाला, मॅडम, कपडा लावू की पानं?

"पानंच लावा," विद्युल्लता म्हणाली. "नॅचरल दिसेल."

मंडपवाल्याची माणसं संध्याकाळी रिमझिमत्या पावसात आली, मागच्या उतारावरून सागाच्या कोवळ्या फांद्या भाराभर घेऊन आली आणि कमान उभी करून गेली. ती खरोखर सुंदर झाली होती. विद्युल्लतानं तिचे चार बाजूंनी फोटो काढले आणि त्यातला एक राजवीरला पाठवलासुद्धा. त्याचा फोन रेंजमध्ये नव्हता.

सकाळी पाहुण्यांसाठी ढोल घेऊन येणारी माणसं आलीच नाहीत. पाण्याला निघालेल्या बायका कमानीपाशी आल्या, उभ्या राहिल्या आणि हंडे तसेच रिकामे घेऊन परत फिरल्या. सीताबाई आली. ती काही बोलली नाही. तिनं खाली पडलेलं एक पान उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि पदराला पुसलं. तेव्हा कुठे विद्युल्लताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सात भांडी. स्वतःच्या हातानं लिहिलेली सात भांडी. चाळीस पानांच्या प्रस्तावात तिला कुठला स्वल्पविराम कुठे आहे ते पाठ होतं, आणि नेम मात्र आठवला नव्हता.

तेवढ्यात जीप आली. अल्माझबाई उतरल्या, बळवंतराव आणि त्यांचा ड्रायव्हर उतरले, राजवीर उतरला. त्यानं कमान पाहिली, मग विद्युल्लताकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्याला विचारायला काही उरलंच नाही. पटेल पुढे झाले आणि त्यांनी शांतपणे एवढंच विचारलं, पानं कुणी तोडवली?

विद्युल्लतानं तोंड उघडलं होतं. हे तिला नंतर नक्की आठवायचं, की तोंड उघडलं होतं. पण बळवंतराव उभे होते, परदेशी पाहुणी उभी होती, सगळं गाव उभं होतं, आणि उघडलेल्या तोंडातून शब्द काही बाहेर आला नाही.

"गलती मेरी है, पटेल," राजवीर म्हणाला. "कमान मैंने बोली थी. ध्यान नहीं रहा."

गाव त्याच्याकडे बघत राहिलं. परक्यानं केलं असतं तर वेगळं. हा तीन वर्षं त्यांच्यात जेवलेला. पटेलांनी सांगितलं की वर्षभर यानं शीव ओलांडायची नाही. अंगठे आता नकोत, नवाईनंतर बघू. राजवीरनं मान खाली घालून हात जोडले, जीपची किल्ली बळवंतरावांच्या ड्रायव्हरला दिली आणि कमानीखालून न जाता बाजूच्या चिखलातून चालत डहीच्या वाटेला लागला. विद्युल्लता तेव्हाही गप्पच उभी होती.

देवासला परतल्यावर आरशात बघायचं ती टाळू लागली. त्यात प्रस्तावाची छापील प्रत आली, आणि तिच्या मुखपृष्ठावर होती ती कमान, 'पारंपरिक स्वागत' अशी ओळ खाली टाकून. भाऊ, म्हणजे तिचे वडील, निवृत्त मास्तर. त्यांना लेकीचं कोण कौतुक. येईल त्याला ते मुखपृष्ठ दाखवायचे, आमच्या चिऊनं केलंय हो सगळं. प्रत्येक वेळी विद्युल्लता उठून आत जायची. सगळं आपणच केलंय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिनं राजवीरला फोन केला. तो धारला, घरी होता.

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तुमचं नाव घेतलं असतं तर संस्थेचं नाव गेलं असतं. नऊ गावांचा कागद गेला असता. माझं काय, एक माणूस चुकला, बस."

"एवढंच?"

पलीकडे पावसाचा आवाज येत होता. "...एवढंच धरा ना सध्या," तो म्हणाला.

"मी गप्प राहिले, राजवीर."

त्यावर तो नाही म्हणाला नाही, असू दे म्हणाला नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

अवसेच्या आदल्या सकाळी तिनं अल्माझबाईंना पत्र लिहिलं. मुखपृष्ठावर स्वागत नाही, गुन्हा छापलाय, आणि तो माझा आहे, असं सरळ लिहिलं आणि त्याची प्रत बळवंतरावांना पाठवली. बळवंतरावांनी तिचा फोन उचलणं बंद केलं. अल्माझबाईंचं उत्तर दुपारीच आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या दिवशी ढोल वाजला नाही तेव्हाच या गावात नेम खरोखर पाळतात हे मला समजलं. आमच्या रानातही मधाची पोळी काढायचे नेम आहेत, आणि आम्ही अधिकाऱ्यांनीही ते मोडलेत. चौथं प्रकरण पुन्हा लिही, या वेळी कमानीसकट. प्रस्ताव पुढच्या वर्षी गेला तरी चालेल. पण आधी गावाला सांग, मला नंतर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती धारला उतरली आणि राजवीरच्या दारात उभी राहिली. "मला शिवेपर्यंत सोडाल? नवाई बघायचीय," एवढंच म्हणाली. तो क्षणभर घुटमळला. मग आत जाऊन त्यानं, पुन्हा त्याच्याकडे आलेल्या जीपची, किल्ली आणली. या वेळी ती पुढच्या सीटवर बसली. डही येईपर्यंत काचेवर भुरभुर पाऊस होता.

देवाचे दगड शिवेवरच होते, शेंदूर लावलेले. सगळं गाव जमलं होतं. राजवीर शिवेच्या अलीकडे थांबला. विद्युल्लता पुढे गेली, चपला काढल्या आणि पटेलांसमोर उभी राहिली. या वेळी आवाज फुटला.

"पत्ते मैंने कटवाए थे, पटेल. ये तो उस दिन यहाँ थे ही नहीं. नियम मुझे मालूम था. लिखा भी मैंने ही था. और आपने पूछा, तब मैं चुप रही."

सीताबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मालूम था, फिर भी भूल गई?"

"हाँ."

"कागज में रख दिया था, तभी," सीताबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त झोंबलं. मग ती वळली आणि शिवेबाहेर उभ्या असलेल्या राजवीरला तिनं बोटानं जवळ बोलावलं.

विद्युल्लताच्या हे ध्यानीमनीही नव्हतं. आपण खरं बोललो की तो सुटेल, इतकाच तिचा हिशेब. पण ती खरं बोलली म्हणजे तो खोटं बोलला होता, तेही देवाच्या शिवेवर, आणि आता ते साऱ्या गावाला कळलं होतं. आपण त्याला सोडवायला आलो की आणखी अडकवायला, या विचारानं तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

"उसने पत्ता तोड़ा, वो अनाड़ी है," सीताबाई म्हणाली. "तू तो घर का है. तूने झूठ क्यों बोला?"

राजवीरनं कागदाचं सांगितलं, नऊ गावांचं सांगितलं. सीताबाईनं मान हलवली. कागद आमचा आहे, त्याची काळजी आम्ही करू, असं म्हणून तिनं पुन्हा तेच विचारलं, आणि या दगडांसमोर पुन्हा खोटं बोलू नकोस, असंही बजावलं.

राजवीरनं दगडांकडे पाहिलं, आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. त्याचे ते केस नसलेले कान लालभडक झाले होते.

"इसका मुँह... ऐसा हो गया था," तो म्हणाला. "मुझसे देखा नहीं गया."

"क्यों नहीं देखा गया?"

बायकांत खुसखुस सुरू झाली. पटेल आभाळाकडे बघायला लागले.

"अच्छी लगती है मुझे," राजवीर म्हणाला. "बहुत दिन से."

पन्नास माणसांदेखत. ढोलवाल्यांदेखत. विद्युल्लताला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम येत असल्यामुळे तिनं ओढणीत तोंड लपवलं. सीताबाईनं ती ओढणी हळूच बाजूला केली. "और तू?"

"मुझे भी," ती म्हणाली. "पर मैं तो चुप रही थी... अब किस मुँह से बोलूँ?"

"वो मुझसे मत पूछ," सीताबाई म्हणाली.

पटेलांनी निवाडा दिला. एकीनं पानं तोडवली, एकानं खोटं सांगितलं. दोघांनीही नवाईचं जेवण संपेपर्यंत शिवेबाहेर बसायचं, सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. उतारावरचे तुटलेले साग पुन्हा फुटेपर्यंत तिनं त्यांना कुंपण घालायचं. त्याची वर्षभराची बंदी उठली. एवढं झाल्यावर ढोल वाजला, पहिलं पान दगडांना वाहिलं गेलं आणि गाव जेवायला वळलं.

ती दोघं शिवेबाहेर एका ओल्या खडकावर बसली, मध्ये हातभर जागा ठेवून. मक्याच्या भाकरीचा वास येत होता.

"तू माझ्यावर रागावलायस," विद्युल्लता म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"हो."

तिनं ओठ चावला. "फार?"

"त्या दिवशी फार होतो. डहीपर्यंत चालत गेलो, यार. वाटलं होतं, मागून तरी येशील." तो थांबला. "आता थोडा आहे."

"मी यायला पाहिजे होतं. पाय उचलला नाही माझा. बारा दिवस मला माझीच इतकी लाज वाटली, इतकी की... तुला कधी तोंड दाखवू नये असं वाटलं. आणि तुला बघितल्याशिवाय राहवेना."

राजवीरनं मधली हातभर जागा बघितली, सरकून ती संपवली आणि तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग त्यानं अगदी खरं तेच सांगितलं. "हा थोडा राग आहे ना, तो लगेच नाही जाणार. माझा स्वभावच आहे तसा. चालेल?"

"किती दिवस लागतील?"

"माहीत नाही."

"मग तो जाईपर्यंत मी इथून हलत नाही," विद्युल्लता म्हणाली.

तिकडे जेवणं आटोपली आणि सीताबाईनं दोघांना हाक मारली. तिला दोनदा मारावी लागली.